बारा गाठींची दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. मळकट, जागोजागी चुन्याने माखलेली. पण मला साधीसुधी समजू नका. एका गवंड्याने माझ्या अंगावर सारख्या अंतराने बारा गाठी मारल्या आणि टोके जोडून माझे कडे केले. दोन गाठींमधल्या भागाला तो पेर म्हणे. घराचा पहिला कोपरा आखायचा झाला की त्याला माझी आठवण व्हायचीच.

त्याची मुलगी लहानपणी तीन खुंट्या आणि मी, एवढ्यावर तासन्‌तास रमे. चार-चार-चार पेरांवर ताणले की मी समभुज त्रिकोण होई. मग ती मला उचलून एक बाजू पुढे सरकवी आणि पुन्हा त्याच खुंट्यांवर बसवी. मी जशीच्या तशी बसे, जणू हललेच नाही! पाच-पाच-दोन केले की उंच, सडपातळ समद्विभुज. तीन-चार-पाच केले की तिन्ही बाजू वेगळ्या, म्हणून विषमभुज. आणि तीन व चार जिथे भेटतात तिथे नेमका काटकोन. एकदा तिने सहा-तीन-तीन करून पाहिले, तर मी जमिनीवर सपाट झाले. कुठल्याही एका बाजूपेक्षा उरलेल्या दोन मिळून मोठ्या नसतील, तर त्रिकोण होतच नाही. गवंडी सांगे, आकार कसाही असो, तिन्ही कोनांची बेरीज कायम दोन काटकोनांएवढीच. हे कोणी ठरवले, कोण जाणे. माझ्याच अंगातली ही शिस्त पाहून मी तेव्हा थक्क होई, आजही होते.

पुढे मापाचा टेप आला आणि माझे दिवस फिरले. गवंड्याने मला सायकलच्या कॅरिअरवर सिमेंटच्या गोण्यांना करकचून आवळले. माझे एक पेर ताणून लांबले. फार वाईट वाटले, पण दोरीचे गाऱ्हाणे ऐकतो कोण!

मग गवंड्याच्या बहिणीचे घर बांधायला निघाले. मुलगी आता हाताशी आली होती. बाप तिला म्हणाला, पहिला कोपरा तू आख. जमला तर यापुढे आखणी तुझ्याकडे. तिने टेप बाजूला ठेवून मलाच मागून घेतले. माझा जीव टांगणीला लागला. माझ्यामुळे तिचा पहिलाच कोपरा वाकडा होणार होता, आणि मला तर तोंड नव्हते.

पण तिने तीन-चार-पाच धरलेच नाही. जुन्या सवयीने मला चार-चार-चार ताणले आणि एक बाजू पुढे सरकवली. मी एकीकडे ढिली पडले, दुसरीकडे पुरेना. पाया खोदणारे खोळंबले होते.

"अगं, खेळ कसले मांडतेस?" आत्या म्हणाली.

"आत्या, समभुज असती तर फिरवून सारखीच बसली असती. बाबा, हिचं एक पेर वाढलंय."

गवंड्याने माझी पेरे बोटांनी चाचपली, सायकलकडे पाहिले आणि वाढलेले पेर तिच्यापुढे धरले. मुलीने गाठ सोडली, वाढलेला भाग गाठीत घेतला आणि मला पुन्हा फिरवले. या वेळी मी चपखल बसले. मगच तिने तीन-चार-पाच धरले. बापाने हातोडी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "यापुढे खुंट्या तूच ठोक."

आज त्या कोपऱ्यात आत्याचे कपाट पाठ आणि कूस भिंतींना टेकवून उभे आहे. मध्ये बोट शिरेल एवढीही फट नाही. मी खिळ्यावर टांगलेली असते. मित्रांनो, आखणीच्या दोरीने ओझी बांधू नका. आणि माझ्यावर कितीही विश्वास असला, तरी कामाला घेण्याआधी मला एकदा फिरवून पाहा.