काटकोन सुटलेला गुण्या

मी एक जुना गुण्या आहे. मित्रांनो, सुतार लाकडावर काटकोन आखतो तो माझ्याच आधाराने. सागवानी दांडा आणि त्यात बसवलेली पोलादी पट्टी, एवढाच माझा देह. मालवणहून घाटकोपरला आलेल्या सहदेव सुताराने मला घडवलं. "सहदेवचं काम अगदी गुण्यात," असं लोक म्हणत, तेव्हा मी सुखावत असे.

१९५६ साली एका नव्या चाळीच्या जिन्याचं काम चालू होतं. मी बांबूच्या परांचीवरून खाली पडलो. आत काहीतरी निसटलं. सहदेवने मला पुसून पुन्हा कामाला लावलं. तेव्हापासून दांडा आणि पट्टी यांच्यातला कोन बिघडला. प्रत्येक रेघ चुकत होती आणि मला ओरडता येत नव्हतं.

जिना तयार झाला. वरच्या मजल्यावर प्रेमाताईंचं पहिलं बिऱ्हाड आलं. त्याच दुपारी सहदेवची मुलगी वनमाला डबा घेऊन आली. शाळेत नुकतंच शिकलेलं करून पाहावं म्हणून तिने माझ्या दांड्यालगत काडेपेटीतल्या तीन काड्या मांडल्या, पट्टीलगत चार. कोन काटकोन असता तर तिरप्या बाजूला पाच बरोबर बसायला हव्या होत्या. काडीच्या गुलाएवढी फट उरली.

"बाबा, तुमचा गुण्या चुकतोय."

"माझो गुण्या चुकतलो? गो, पुस्तकातला गणित माणसांनीच रचलेला. काड्यो लहानमोठ्यो असतल्यो."

वनमालाने सारखे खिळे वेचून मांडले. तीन, चार, पाच. पुन्हा फट.

"इंच माणसांनी ठरवला, बाबा. हे कुणी ठरवलेलं नाही. काड्या घ्या, खिळे घ्या, हे असंच येतं. आपण नव्हतो तेव्हाही असंच होतं."

सहदेवचा चेहरा पांढराफटक पडला. "मगे जिन्याच्यो खाचो?" एवढं म्हणून तो धावत सुटला. पायऱ्यांच्या फळ्या बसवायच्या खाचा माझ्याच रेघांवर कापल्या होत्या.

प्रेमाताई रिकामी कळशी घेऊन खाली उतरत होत्या.

"ताई, पाऊल टाकू नका!" सहदेव खालून ओरडला.

उशीर झाला होता. खाचेत नीट न बसलेली, नुसत्या खिळ्यांवर टेकलेली फळी करकरली, सुटली. कळशी गडगडत खाली आली. सहदेवने खालून खांदा दिला आणि प्रेमाताई कठड्याला लटकून वाचल्या. 

सहदेवने सगळा जिना उकलून नव्याने बांधला. मलाही खोलून, वनमालाच्या तीन-चार-पाचवर ताडून पक्कं केलं. मित्रांनो, मला वाटे काटकोन माझाच आहे. पण मी वाकडा झालो, तरी काटकोन जागचा हलला नाही. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. म्हणून विनवतो, हातातलं हत्यार पडलं तर नुसतं पुसून ठेवू नका. ते तपासा, आणि चूक दाखवणाऱ्या पोरीवर डोळे वटारू नका.