कोणालाही सुचलं असतं

छायाने कांदा साठवायच्या चाळीत उलटा पंखा लावायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी विरोधात गेली ती तिची सासू. नवसाबाईंचं उभं आयुष्य विंचूरच्या मळ्यात कांदा पिकवण्यात आणि साठवण्यात गेलेलं.

"कांद्याला वारा घालत्यात बाई, वारा वढून घेत नाय," त्या म्हणाल्या. "सगळी वल मधी गोळा व्हईल आन् ढीग पोटातून सडंल."

छाया नाशिकला अंबडच्या एका पंख्यांच्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअर होती. हवा कुठून शिरते, कुठे अडते, हे पाहणं तिचं रोजचं काम. नवरा मनमाडला रेल्वेत, त्यामुळे सुट्टी मिळाली की दोघं विंचूरला यायची आणि छाया चाळीत घुसायची. सगळे खालून हवा फुंकतात तशी तिनेही आधी फुंकून पाहिली. ती हवा कडेकडेने निघून जाई आणि ढिगाच्या पोटातली ऊब तशीच राही. मग तिने भोकं पाडलेली नळी ढिगात घातली, वरच्या तोंडाला पंखा बसवला आणि पोटातली हवा बाहेर ओढली. नवसाबाई म्हणाल्या होत्या तेच झालं. पावसाळी हवा आत ओढली गेली, नळीभोवतीचा कांदा काळा पडला आणि वास पार रस्त्यापर्यंत गेला. त्या श्रावणात घरात तिच्याशी कोणी धड बोललं नाही.

पण तिने पंखा काढला नाही. चाळीत बसून राहिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की चूक ओढण्यात नाही, सतत ओढण्यात आहे. बाहेरची हवा ढिगाच्या पोटातल्या हवेपेक्षा कोरडी असेल तेवढाच वेळ पंखा फिरला पाहिजे, एरवी गप्प बसला पाहिजे. तिने एक आर्द्रतामापक ढिगात खुपसला, दुसरा बाहेर पत्र्याखाली टांगला आणि पंखा त्या दोघांच्या फरकावर चालवला. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर नवसाबाईंनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतला एक कांदा काढून हुंगला आणि सुनेच्या हातात दिला. कांदा खडखडीत वाळलेला होता.

पेटंटचा अर्ज नाशिकच्या दीपक भावसार यांनी केला. ते पेटंट एजंट. कॉलेज रोडला ऑफिस. त्यांनी छायाला समजावलं, की पेटंटात सगळा खेळ दाव्यांचा असतो. वर्णन कितीही पानांचं लिहा, तुमचं काय आणि दुसऱ्याचं काय हे दाव्यातले शब्द ठरवतात. म्हणून त्यांनी दाव्यात 'नळी' लिहिलंच नाही. 'छिद्रं असलेला कोणताही पोकळ भाग' असं लिहिलं. "हद्द मोठी आखायची, छायाताई. कोणाला निसटायला जागा नको." छायालाही ते आवडलं होतं.

अर्ज प्रसिद्ध झाला, चाळ बघायला आसपासचे लोक येऊ लागले. त्यांतच सातपूरचे खंडेराव कुशारे आले. शेतीची यंत्रं बनवणारं मोठं वर्कशॉप होतं त्यांचं. चहा पिऊन गेले आणि पुढच्या हंगामात त्यांच्या नावाने तेच यंत्र लासलगावच्या बाजारात उभं राहिलं. छायाने फोन केला तर ते हसले.

"त्यात काय एवढं, मॅडम? नळी तुमची नाय, पंखा तुमचा नाय, मीटर तुमचं नाय. तीन वस्तू एकाजागी बांधल्या. कोणालाही सुचलं असतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाचा अहवाल आला आणि छायाने तो वाचला तेव्हा तिची कानशिलं तापली. सरकारी भाषेत, कलमांचे आकडे घालून, त्यातही तेच म्हटलेलं होतं. परीक्षकाने दोन जुनी पेटंटं काढली होती. पहिलं धान्याच्या कोठाराचं. त्यात जमिनीवर छिद्रांचा आडवा चर होता आणि त्यातून हवा ओढली जाई. दुसरं कापसाच्या गोदामाचं. त्यातला पंखा आतली आणि बाहेरची आर्द्रता ताडून चालू-बंद होई. ही दोन एकत्र केली की अर्जदाराचं यंत्र तयार होतं. या विषयातल्या जाणकार माणसाला ते उघड आहे. सबब यात शोधाची पायरी नाही.

"घाबरायचं नाही," दीपक म्हणाले. "आपण दावा आवळू. फक्त कांदा, फक्त बांबूची चाळ, फक्त उभी नळी, फक्त पीव्हीसीची. एवढं बारीक केलं की पेटंट मिळून जाईल."

"आणि खंडेराव लोखंडी चाळीत लोखंडी नळी लावतील."

"लावू द्या. तुमच्याकडे पेटंट तर असेल. भिंतीवर लावायला..."

"मला भिंतीवर काही लावायचं नाही, भावसारसाहेब. लसणाला हेच लागतं, बटाट्याला हेच लागतं. पंखा कधी चालावा आणि हवा कुठून ओढावी, हा माझा शोध आहे. पीव्हीसी माझा शोध नाही. तेवढंच पदरात घ्यायचं असेल तर खंडेराव बोलले ते मी मान्य केल्यासारखं होईल."

"परीक्षकाशी भांडून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही."

"मग या वेळी बघा," छाया म्हणाली आणि दोन्ही जुनी पेटंटं पूर्ण मागवून घेतली. परीक्षकाने दिलेले उतारे सोडून सगळी पानं. रजा टाकून छाया ती पानं वाचत राहिली.

लेखी उत्तराने परीक्षकाचं समाधान झालं नाही, तेव्हा सुनावणी लागली. निर्णय देणाऱ्या नियंत्रक मुंबईच्या कार्यालयातून पडद्यावर आल्या. पिकलेले केस घट्ट बांधलेल्या, हळू बोलणाऱ्या बाई. इकडे दीपकच्या ऑफिसात टेबलाला छाया आणि दीपक शेजारी शेजारी बसले. दीपकने नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला, मग छाया बोलू लागली. आपण इंजिनिअर आहोत, हवेचंच काम करतो, तरी आपल्याला हे सुचायला इतके हंगाम लागले, मग हे उघड कसं, असं तिने विचारलं.

"मॅडम, तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही," नियंत्रक म्हणाल्या. "पण कायद्यातला जाणकार माणूस म्हणजे तुम्ही नव्हे. तो कल्पनेतला माणूस आहे. त्याच्या विषयात आजवर जे जे छापलं गेलं ते सगळं त्याने वाचलेलं असतं आणि त्याला स्वतःचं नवीन काहीच सुचत नाही."

"मग त्याला हे कसं सुचलं?"

दीपकने टेबलाखालून तिच्या खुर्चीला पाय लावला. पडद्यावरच्या बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा सारखा केला.

"त्याला सुचावं लागत नाही. वाचलेल्यातून जी पायरी सहज पुढे येते ती तो चढतो."

"ठीक आहे. मग त्याने सगळं वाचलेलं पाहिजे, सोयीचं तेवढंच नाही. धान्याच्या पेटंटाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, की ज्या मालाला घाम सुटतो, बटाटा किंवा कांदा, त्याला ही ओढणारी पद्धत लावू नये. ओल मध्ये साचते आणि माल सडतो. परीक्षकांच्या अहवालात ते पान नाही. तुमच्या जाणकाराने ते वाचलं तर तो काय करेल? ओढायचं सोडून देईल आणि खालून फुंकत बसेल. सगळं जग तेच करतंय. माझ्या सासूबाईही मला तेच सांगत होत्या."

नियंत्रकांनी खाली बघून पानं उलटली. बराच वेळ उलटली.

"तो इशारा सतत चालणाऱ्या पंख्याबद्दल आहे, असं परीक्षक म्हणतील. थांबत थांबत चालवायची युक्ती दुसऱ्या पेटंटात होती."

"दुसरं कापसाच्या गाठींचं आहे. गाठी श्वास घेत नाहीत. तिथे ओल बाहेरून येते, म्हणून ती बाहेर अडवली आहे. कांद्यात ओल आतूनच तयार होते. सडण्यावर तिथे एक अक्षर नाही. ज्याला पहिल्या कागदाने 'कांद्याला हे करू नको' म्हणून सांगितलं, तो कापसाच्या गोदामात उत्तर शोधायला कशाला जाईल, मॅडम? हे दोन कागद कोणीच कधी शेजारी ठेवले नाहीत. माझा अर्ज मध्ये ठेवला तेव्हाच ते शेजारी आले. उत्तर हातात घेऊन मागे चालत गेलं तर कुठलीही वाट सरळच दिसते."

तिचा आवाज चढला होता हे तिला उशिरा कळलं. तिने तो उतरवला नाही.

"हे मी नोंदवून घेते," नियंत्रक म्हणाल्या. "पण हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, तुम्ही मागितलंय काय? तुमचा दावा वाचा. 'छिद्रं असलेला कोणताही पोकळ भाग.' जमिनीवरचा आडवा चरसुद्धा यात बसतो."

"पण वर्णनात, आकृत्यांत, सगळीकडे नळीच आहे."

"दाव्यातला शब्द समजून घ्यायला मी वर्णन वाचते. पण दाव्यात जे नाहीच ते वर्णनातून उचलून त्यात घालता येत नाही. तसं केलं तर तुमची हद्द कुठे संपते ते बाहेरच्या माणसाला कळणार कसं? ही मोठी हद्द तुम्हीच आखली आहे."

छायाला हे पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त झोंबलं. शब्द मोठा घेतला आणि त्या मोठ्या शब्दात धान्याचा चर येऊन बसला. परीक्षकाने वाकडं काही वाचलं नव्हतं.

दीपकने संधी साधली. "मॅडम, आमची तयारी आहे. आम्ही 'उभी नळी' असं लिहून देतो. शिवाय फक्त कांदा, बांबूची..."

"नाही," छाया म्हणाली.

"छायाताई, त्या स्वतः वाट दाखवताहेत..."

"'पोकळ भाग' मी काढते. तो काढायलाच हवा. पण 'उभी' लिहिणार नाही. उद्या कोणी नळी जराशी तिरकी लावेल आणि म्हणेल, माझी उभी नाही." ती पडद्याकडे वळली. "असं लिहा, मॅडम. 'ढिगाच्या पोटातून वर जाणारी आणि ढिगाच्या बाहेर उघडणारी नळी.' उभी असो, तिरकी असो. आडवा चर यात बसत नाही. आणि फक्त कांदा नाही, साठवणीत श्वास घेणारा कोणताही शेतमाल."

"शेतमालाचं वर्णनात आहे. तिरक्या नळीला मूळ अर्जात आधार आहे? आता नवीन काही घालता येणार नाही."

"तिसरी आकृती बघा. आमच्या चाळीत मध्ये आडवी तुळई आली होती, म्हणून नळी तिरकी घालावी लागली. तशीच काढली आहे."

नियंत्रकांनी आकृती उघडली. जवळ नेऊन पाहिली. "आहे," एवढंच म्हणाल्या आणि लेखी निवेदन मुदतीत द्यायला सांगून पडद्यावरून गेल्या.

दीपक पाणी प्यायले. "हे फेटाळलं तर माझ्याकडे बोट दाखवू नका."

"फेटाळलं तर उच्च न्यायालयात अपील करायचं. कागद तयार ठेवा," छाया म्हणाली.

फेटाळलं गेलं नाही. द्राक्षांच्या हंगामात आदेश आला. मुख्य दावा तिने सांगितलेल्या शब्दांत मंजूर झाला होता. ओढणारी पद्धत अशा मालाला लावू नये असं पहिलं पेटंटच सांगतं, त्यामुळे जाणकार माणूस त्या वाटेला गेला नसता, असं नियंत्रकांनी लिहिलं होतं. शेवटचा एक दावा मात्र नामंजूर होता. पंखा बंद पडला की मोबाइलवर सूचना जाते, हा. उघड आहे, असा शेरा. छाया तो वाचून एकटीच हसली. ते मात्र खरंच कोणालाही सुचलं असतं. दीपकने त्यावर अपील करू का विचारलं तर तिने साफ नाही म्हणून सांगितलं.

आठवडा उलटला नाही तोच गंगापूर रोडच्या मैदानावर कृषी प्रदर्शन भरलं. खंडेराव कुशाऱ्यांचा मंडप दारातच होता. मध्ये कांद्याचा ढीग, त्यात नळी, वर पंखा. छाया आदेशाची प्रत घेऊन सरळ त्यांच्यासमोर गेली. त्यांनी ती वरवर चाळली आणि परत केली.

"बरं झालं. पण मॅडम, हा कागद हाय. कोर्टात जा, वर्षानुवर्षं चालंल. तवर माझा माल इकून झालेला आसंल."

"जाणारच आहे. सोमवारी वकिलाची नोटीस निघेल. पण सोमवारपर्यंत मी इथेच आहे."

"इथं? काय करणार?"

ती मंडपाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. येवल्याकडचं एक जोडपं ढिगापाशी वाकून बघत होतं. तेवढ्यात पंखा आपोआप थांबला. "बंद पडला का वो?" बाईने विचारलं. खंडेराव पुढे होण्याआधी छाया म्हणाली, "बंद नाही पडला, ताई. आता बाहेरची हवा दमट झालीय, म्हणून थांबला. हे यंत्र मी शोधलंय. पेटंट माझ्या नावावर आहे. यांनी मला न विचारता बनवलंय." आणि तिने आदेशाचं पहिलं पान त्यांच्यापुढे धरलं.

जोडप्याने पान पाहिलं, मग खंडेरावांकडे पाहिलं. मागून आणखी दोघं-चौघं थांबले.

"ताई, गिऱ्हाईक हाय," खंडेराव दबक्या आवाजात म्हणाले. "बाजूला व्हा."

"दिसतंय मला," छाया म्हणाली आणि जागची हलली नाही.