दोन वाजून सात मिनिटांवर अडकलेलं चित्र

कापडाचे साठ थर टेबलावर पसरून झाले होते. वरच्या थरावर खडूने बाह्या, पाठी, कॉलर आखून झाल्या होत्या. कटरचं बटण दाबायला तिने हात नेला आणि मनात पाल चुकचुकली. तशी ती दिवसातून दहादा चुकचुकायची. अकरा महिन्यांच्या लेकीला घरी ठेवून कामावर येणाऱ्या बाईच्या मनात पाली मुक्कामालाच असतात. तिने डाव्या हातातला लोखंडी जाळीचा हातमोजा ओढून काढला, कापडाच्या गठ्ठ्याआड वाकली आणि फोनवर कॅमेरा उघडला.

घरातली बाहेरची खोली दिसली. खुर्चीत बाबा, तिचे सासरे, बसलेले. मान छातीवर पडलेली, एक हात खुर्चीबाहेर लोंबणारा. आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंगरी. कागदावर लेकीचं नाव वेगळं होतं, पण पोर एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. आत्ता ती रांगत होती. एक हात बाथरूमच्या उंबऱ्यावर टेकवलेला.

बाथरूममध्ये बादली होती. दुपारी पाणी जातं म्हणून सकाळी निघताना तिनेच भरून ठेवलेली. काठोकाठ.

"फिर मागे, बाळा. फिर," ती पुटपुटली.

भिंगरी मागे फिरली नाही. पुढेही गेली नाही. हात उंबऱ्यावर तसाच, पायातला मोजा अर्धा निघालेला तसाच. चित्राच्या कोपऱ्यात वेळ होती दोन वाजून सात मिनिटं. तिने मान वर करून कारखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून अकरा.

चार मिनिटं. चार मिनिटांत भिंगरी अख्खं घर पालथं घालते.

हा कॅमेरा म्हणजे महिनाभराची डोकेदुखी होती. सकाळी कसा अगदी शहाण्यासारखा चालायचा. पाळणा हललेला दिसायचा, बाबांचं खाकरणंसुद्धा ऐकू यायचं. दुपारी दोन ते चार मात्र चित्र अडकायचं, पुसट व्हायचं, माणसं खोलीच्या या टोकावरून एकदम त्या टोकाला प्रकट व्हायची. नवऱ्याने रविवार त्यातच घालवला होता. इंटरनेटची पेटी बाबांनी पोरीने वायरी ओढू नयेत म्हणून लोखंडी कपाटात कुलूपबंद केली होती, ती सापडली तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. पेटी बाहेर काढून उंच फळीवर ठेवली, कॅमेरा तिच्याजवळ आणला, चित्राचा दर्जा एक पायरी खाली केला. संध्याकाळी झकास चाललं. सोमवारी दुपारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

तिने बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. भिंगरीच्या झोपेत तो वाजू नये म्हणून बाबा दुपारी फोन आतल्या खोलीत उशीखाली दाबून ठेवत, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी पुन्हा लावला.

मग नवऱ्याला. तो मालाची गाडी चालवायचा, दुपारी गाडी रिकामी होईपर्यंत तो मोकळा असे.

"अगं, माझ्याकडे तर ती पाळण्यात झोपलीय," तो म्हणाला. "बघतोच आहे ना मी."

"वेळ काय आहे चित्रावर?"

"दोन वाजून... तीन." त्याचा आवाज खाली आला. "थांब, मी बंद करून परत उघडतो."

आईला लावला. "माझ्याकडे नुसतं गोल गोल फिरतंय गं," आई दुसऱ्या गावाहून म्हणाली. "थांब, मावशीला विचारते. तिच्याकडे छान दिसतं."

"मावशीकडेही आहे?"

"मग! मीच दिला तिला पासवर्ड. जेवणानंतर भिंगरी बघितल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. काय झालं? रडतेस का? अगं, बोल ना!"

तिने फोन तोडला. नणंदेला फोन लावला. नणंद दोन गल्ल्या सोडून राहायची, घराची एक किल्ली तिच्याकडेच असायची. जिभेची तिखट. "तुझ्या लेकीवर पहारा द्यायचा पगार कधी सुरू करतेस?" हे तिचं ठरलेलं वाक्य. आज ते आलं नाही.

"मीही तेच बघतेय," नणंद म्हणाली. "माझ्याकडे दोन वाजून नऊ आहे."

"काय दिसतंय, ताई?"

"बाबा खुर्चीत. मान खाली टाकून."

"आणि भिंगरी?"



"भिंगरी नाही दिसत गं."

 तिने टेबलाची कड धरली.

"थांब," नणंद घाईने म्हणाली, "येतंय चित्र. फिरतंय बघ. आत्ता येईल."

"हो," ती म्हणाली. आणि दोघी थांबल्या. एक इथे, एक तिथे, फिरणाऱ्या त्या गोलाकडे डोळे लावून. गोल फिरत राहिला.

"काय गं, कटर लागला की काय हाताला?" शेजारच्या यंत्रावरून काजवाल्या मावशीने विचारलं. शर्टांना काज पाडत तिची तीस वर्षं गेली होती, चष्मा दोरीने गळ्यात. "तोंड का असं पांढरंफटक?"

तिने फोन पुढे केला. तुटक तुटक सांगितलं. खुर्ची, उंबरा, बादली. कुणाकडे किती वाजलेत ते.

"आणि किती जणं बघताय हे?"

"मी, हे, आई, मावशी, ताई. दीरही असतील."

"सहा जणांनी एका नळाला तोंड लावल्यावर धार कुणाच्या घशात उतरायची?" काजवाल्या मावशीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "बरं, ते राहू दे. यातलं घराजवळ कोण आहे?"

"ताई. पाच मिनिटांवर."

"मग ती काय करतेय?"

"बघतेय."

"काय बघतेय?"

तिने फिरणाऱ्या गोलाकडे पाहिलं. आणि ती इतक्या जोरात ओरडली की शिलाईच्या ओळीतली चार यंत्रं एकदम थांबली. "ताई, फोन टाका! पळा! बादली भरलेली आहे! पळा, ताई, पळा!"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग दार, मग काही नाही.

तिने फोनवरच्या घरच्या गटावर बोलून निरोप पाठवला. "सगळ्यांनी कॅमेरा बंद करा. आत्ता. पाया पडते तुमच्या." आईचं उत्तर आलं, "केला गं." नवऱ्याचं आलं. दिराचं. मावशीचं काही आलं नाही, पण आईने लिहिलं, "तिलाही करायला लावलाय." प्रत्येक उत्तर यायला एकेक वर्ष लागत होतं.

आणि चित्र हललं.

दोन वाजून सतरा. इतकं स्वच्छ चित्र तिने दुपारी कधी पाहिलं नव्हतं. फरशीचा जोड न् जोड दिसत होता. बाबा खुर्चीत, छाती वरखाली होतेय. जिवंत आहेत, झोपलेत. उंबऱ्यावर कुणी नाही. उंबऱ्यावर एक लहानसा मोजा.

आतून आवाज येत होता. छप्. छप्. पाण्यावर हात मारल्याचा.

तिने कॅमेऱ्यातून बोलायचं बटण दाबलं. "बाबा! बाबा, उठा! भिंगरी! भिंगरी, आई बोलतेय!"

छप् थांबलं.

त्यानंतरची शांतता ती पुढे कधी कुणाला धड सांगू शकली नाही. आवाज थांबला तो पोरीने मान वळवली म्हणून, की पोर पाण्यात गेली म्हणून? कॅमेऱ्याला बाथरूमचं आतलं दिसत नव्हतं. फक्त उंबरा दिसत होता, आणि कोपऱ्यातले सेकंद आता एकही न चुकता पळत होते. बावीस. तेवीस. चोवीस. चित्र अडकलेलं होतं तेच बरं होतं, असं तिला वाटून गेलं. काजवाल्या मावशीने तिचा दंड घट्ट धरला होता.

एकतीसला दार धाडकन उघडलं. नणंद आत शिरली, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, आणि सरळ चित्राबाहेर गेली. चौतीस. पस्तीस.

मग रडणं ऐकू आलं. भिंगरीचं, जोरदार, रागाचं, खेळ मोडल्याचं रडणं.

ती तिथेच, कापडाच्या चिंध्यांत, फतकल मारून बसली.

नणंद भिंगरीला छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर आली. पोरीच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या, हनुवटीवरून पाणी गळत होतं. "काठ धरून उभी होती," नणंद धापा टाकत म्हणाली. "दाराकडे बघत होती. चमचा टाकलाय आत, तो काढायचा होता तिला. अजून वीतभर वाकली असती ना..." 

मागे बाबा उठून उभे होते. कुठे हात ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. "सूनबाई," ते कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाले, "डोळा लागला गं माझा."

तिला रागवायचं होतं. पण दात येत असलेल्या भिंगरीला रात्री कुणी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं? "तू नीज, तुला सकाळी यंत्रावर उभं राहायचंय," असं म्हणून पहाटेपर्यंत ते चकरा मारत होते. आणि बादली तर तिनेच भरली होती.

"बाबा, ती बादली ओता आधी," एवढंच ती म्हणाली. "सगळं पाणी ओता."

संध्याकाळी भिंगरीला मांडीवर घेऊन तिने कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला. फोन खणखणू लागले. आई फुरंगटली, "आता आजीने नातही बघू नये का?" मावशीचा निरोप तर असा आला की जणू इस्टेटीतून नाव कापलंय.

"रात्री आठला तुमच्यासाठी वेगळा फोन करत जाईन," तिने सगळ्यांना सांगितलं. "दोन ते चार मात्र एकाच फोनवर."

"तुझ्याच ना," नवरा म्हणाला. "बरोबर आहे. आई तू."

तिने भिंगरीचं जावळ हुंगलं. अजून त्याला पाण्याचा वास येतोय असं तिला वाटलं. कारखान्यातून घरापर्यंत दोन बस आणि पन्नास मिनिटं. तिने दुपारभर तोच हिशेब केला होता.

"ताईंच्या," ती म्हणाली. "मी बघून काय करू? मला धावता येत नाही तिथून."

नणंद दारात उभी होती. टोमणा तोंडापर्यंत आला असावा, पण तिने तो बाहेर काढला नाही. "आणि तुला राहवेल?"

"नाही राहवणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी बादली पालथी होती, बाथरूमला बाहेरून कडी होती, बाबांच्या फोनला खिशाबाहेर यायची बंदी होती. तिने हातमोजा चढवला, कटर सुरू केला आणि पाठीच्या आखणीवर पातं घातलं. सरळ रेघ. ती सरळ कापली जातेय याचंच तिला नवल वाटलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. नणंद. तिने यंत्र इतकं झटक्यात बंद केलं की पातं कापडातच राहिलं.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. झोपलीय. सांगायला फोन केला."

"अहो, असा फोन करत जाऊ नका! काळजाचा ठोकाच चुकला माझा!"

"मग काय मुक्याने बघत बसू? बाबाही जागे आहेत. टकामका तिच्याकडेच बघतायत, पापणीसुद्धा हलवत नाहीत बिचारे."

 काजवाल्या मावशीने चष्म्यावरून पाहिलं, तिने हातानेच 'काही नाही' अशी खूण केली. मग फोन कानाशी आणखी दाबला.

"ताई, कुशीवर आहे की पालथी?"

"कुशीवर."

"तोंडावर पांघरूण नाही ना आलं?"

"नाही गं."

"नीट बघून सांगा."

"बघतेय," नणंद म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा मऊ आजवर कुणी ऐकला नव्हता. "श्वास घेतेय. पोट हलतंय. हे बघ, आत्ता वर. आत्ता खाली."