गोठव म्हटलं होतं ना!

एर्सिलियाचं डोकं फिरलं ते मासळीबाजारातच. तिच्या टोपलीतले तिंका मासे उलटेपालटे करून एक बाई म्हणाली, "नको गं बाई. तुझ्याच माशांनी चौदा जण दवाखान्यात पडलेत ना?"

"माझ्या माशांनी? कोण म्हणालं?"

"खाणावळवाला ग्वाल्तिएरो सांगतोय गावभर. म्हणे, कोळिणीवर विश्वास टाकला आणि फसलो."

एर्सिलियानं टोपली तिथंच आदळली. एकतीस वर्षं ती या सरोवरात जाळी टाकत होती. इथल्या तिंकाच्या मांसात जंताची अळी असते, हे तिला बापानं शिकवलं होतं. नीट तळलं की मरते, कच्चा खायचा तर मासा आधी गोठवायचा. ग्वाल्तिएरोच्या खाणावळीत मासे देताना तिनं हे दोनदा बजावलं होतं. आणि त्या शहाण्यानं काय करावं? रोमच्या पाहुण्यांपुढे कच्च्या तिंकाच्या पातळ चकत्या मांडल्या, वर लिंबू पिळून! आता कुणाला ताप, कुणाच्या बरगडीखाली कळा. त्यात त्या दिवशी तिथंच जेवलेला तिचा सख्खा भाऊ ओरेस्तेही.

भर दुपारी, सगळी टेबलं भरलेली असताना ती खाणावळीत शिरली.

"ये, वाइन घे," ग्वाल्तिएरो ओशाळं हसला. "आत बसून बोलू."

"आत कशाला? माझी अब्रू काढलीस ती आत बसून काढलीस का? सांग यांच्यासमोर, मी काय बजावलं होतं?"

"मला नाही बुवा आठवत."

"मला आठवतंय." गल्ल्यावरून त्याची बायको निवेस उठली. "ही म्हणाली होती, आधी गोठव. तू म्हणालास, गोठवलेला मासा रोममध्येही मिळतो, मग इथं कोण कशाला येईल?"

कुणीतरी पुढ्यातली बशी दूर सारली. मग एकेक खुर्ची मागे सरकू लागली.

आठवड्याभरात सरकारी माणसांनी खाणावळीला कुलूप ठोकलं. गोळ्या घेऊन ओरेस्ते बरा झाला. पण त्या उन्हाळ्यात तिंका कुणी घेतला नाही, तळून खायलासुद्धा नाही. एर्सिलियाची जाळी भरायची आणि ती शिव्या घालत मासे परत पाण्यात सोडायची.

एका सकाळी निवेस घरचा केक घेऊन धक्क्यावर आली. "माफ कर गं. मी खरं बोलले ना शेवटी?"

"शेवटी!" एर्सिलिया उसळली. "चकत्या ताटात जात होत्या तेव्हा तू तिथंच होतीस. चौदा माणसं आडवी होईस्तोवर तोंडाला काय टाळं लागलं होतं?"

एर्सिलियानं केकला हातही लावला नाही. तिनं होडी लोटली आणि सगळा राग वल्ह्यांवर काढला.