घडी घातलेला पिझ्झा

निहारच्या हातातली पकड जायला लागली तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती. एकेक करून सगळे स्नायू निकामी करत जाणारा आजार, त्यावर औषध नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो खचला तो नंतर, मुलुंडच्या एका मॉलमध्ये.

लेकीचा, प्रांजलचा वाढदिवस होता. निहारने उचललेला पिझ्झाचा तुकडा मधोमध वाकला आणि चीज, सॉस, सगळं शर्टावर ओघळलं. शेजारच्या टेबलावरची माणसं बोलता बोलता थांबली. प्रांजलने कागदी रुमाल घेऊन बापाची छाती पुसली, तान्ह्या पोराची पुसावी तशी. त्या दिवसापासून त्याने बाहेर जाणं सोडलं. घरातही दार लावून, जाड दांड्याच्या चमच्याने एकटाच जेवायचा. बायकोने, स्वरदाने भरवलेलं त्याला चालत नसे.

स्वरदाने मोबाईलवर शोधशोध करून कॅल्झोन हुडकून काढलं. पोळी पिझ्झाचीच, पण सारण आत घालून अर्ध्यात दुमडलेली, कड बंद केलेली. हातात धरून खाता येतं, सांडत काही नाही. तिने यीस्ट घालून मैदा मळला, ओल्या फडक्याखाली फुगवला, आत सिमला मिरची, टोमॅटो, चीज भरलं. पहिली खेप ओव्हनमध्येच फुटली. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"सारण ओलं आहे गं तुझं," त्या म्हणाल्या. "आणि करंजीसारखी मुरड घाल. नुसती दाबून कड राहते होय?"

मग भाज्या परतून कोरड्या केल्या, कडेला दुधाचं बोट फिरवलं, मुरड सासूबाईंनी घातली. निहारच्या हातात वाकू नये म्हणून स्वरदाने ते चांगलं कडक भाजलं.

त्या रविवारी तो टेबलाशी येऊन बसला. दोन्ही तळव्यांत धरून त्याने अख्खं कॅल्झोन खाल्लं. प्रांजल शाळेतल्या गमती सांगत होती आणि तो हसत होता. पुढे दर रविवारी घरात तेच होऊ लागलं.

चहा पिताना त्याला ठसका लागतो, हे स्वरदाला दिसत होतं. डॉक्टरांना सांगायला हवं, हेही कळत होतं. पण सांगितलं असतं तर रविवार बंद झाले असते, म्हणून ती आज सांगू, उद्या सांगू करत राहिली.

दिवाळीच्या तोंडावर कडेचा एक कडक तुकडा त्याच्या घशात अडकला. आवाज काहीच झाला नाही. नुसते डोळे मोठे झाले आणि ओठ काळे पडले. स्वरदाने मागून मिठी घालून पोटावर दाबलं, तुकडा पडेपर्यंत दाबत राहिली. शेजारच्या जयवंतने त्याला उचलून खाली गाडीत घातलं. जीव वाचला, पण अन्नाचे कण फुप्फुसात उतरले होते. कितीतरी दिवस तो आयसीयूत होता. आता तोंडाने काही द्यायचं नाही, असं सांगून डॉक्टरांनी पोटात नळी बसवली.

"मीच कडक भाजलं," ती त्याच्या खाटेशी बसून म्हणाली. "आणि ठसका लागतो हे माहीत होतं मला."

त्याची जीभ जड झाली होती. एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "मलाही... माहीत होतं."

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी त्याने खुणेने कॅल्झोन मागितलं, प्रांजलसाठी. स्वरदा नको म्हणाली, सासूबाईंनी हात जोडले, पण तो ऐकेना. शेवटी तिने केलं. चाकाच्या खुर्चीत बसवून त्याला टेबलाशी आणलं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

प्रांजलने ताटलीकडे पाहिलं. "बाबा नाही खाणार तर मलाही नको."

"खा," निहार म्हणाला.

तिने मान खाली घातली आणि भराभर, पुरतं न चावता खायला लागली. हळू खा, असं स्वरदाच्या अगदी ओठांवर आलं. पण ती नळीत पातळ पेज सोडत राहिली आणि निहार लेकीच्या प्रत्येक घासाकडे टक लावून बघत राहिला.