अतानियाजचा घास

बिकाजानने संदुकीवर चढून भिंतीवरचा नान काढला. खाली उतरताना गुडघा असा ठणकला की तिने सवतीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती सवत, सुलुव, अंघोळीला हमामात गेली होती. नान गाढवाला घालायचा आणि उंदरांवर ढकलायचं, एवढंच काम होतं.

हिवाळाभर हा नान तिच्या डोळ्यांत सलत होता. व्यापारासाठी खिवा शहर सोडताना तिचा नवरा अतानियाज रिवाजाप्रमाणे नानाचा एकच घास घ्यायचा. उरलेला भिंतीवर टांगायचा आणि त्याने परत येऊन संपवायचा; तो घास घरात असला की माणूस परततोच, अशी समजूत. इतकी वर्षं तो नान बिकाजानच्या हातचा असे. यंदा त्याने नवीच्या हातचा मागितला, तोही साऱ्या गल्लीसमोर!

तिने नान उजेडात धरला आणि ती थबकली. घासाची कड सलग होती. बारीक, एकसारखे दात, मध्ये फट कुठेच नाही. अतानियाजचा समोरचा दात तर उंटाच्या लाथेने कधीच पडला होता.

दारात सुलुव उभी होती. केस ओले, चेहरा पांढराफटक.

"हा कुणी चावलाय गं?"

"मी." पोर रडायलाच लागली. "आपा, त्यांनी चावलेला पहिला नान उंदरांनी खाल्ला. त्याच आठवड्यात बाजारात बातमी आली, रशियनांनी ओरेनबर्गला आपले व्यापारी अडकवून ठेवलेत. माझ्यामुळेच झालं हे! मग मी घाबरून दुसरा भाजला आणि..."

"आणि स्वतःच चावलीस. अगं भवाने, तो आला की पहिल्यांदा याच्याकडेच बघेल!"

आता फक्त शेजारणींना हाक मारायची होती, मग सवतीला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण बिकाजानने हाक मारली नाही. मत्सर गेला खड्ड्यात, अतानियाजचा घासच घरात नव्हता. तिने तो नान चुलीमागे फेकला आणि पीठ ओढलं.

"रडतेस काय? तंदूर पेटव."

नान निवल्यावर तिने तो स्वतः चावला. मग त्याच्या पडलेल्या दाताच्या जागी नान न तुटता टोक उरायचं, तसं कणकेचं बारीक टोक पुढे चिकटवलं आणि डावी कड ओढून तोडली.

"तो चावत नाही, मान डावीकडे झटकून ओढतो. तापात असला तरी तसंच. कधी पाहिलं नाहीस?"

सुलुवने नाही म्हणून मान हलवली. तिचं रडणं थांबलं होतं.

"घे, टांग आता. आणि उंदरांवर लक्ष ठेव."

सुलुव संदुकीवर चढली. नान खुंटीला अडकवून ती त्या घासाकडे बघत राहिली; नवऱ्याचा असा हुबेहूब घास तिला कधीच जमला नसता. मग तिने नान हलकेच फिरवला आणि चावलेली बाजू भिंतीकडे केली.