आक्का आणि हॅचरीतला ओलावा

तारा आक्का नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली, त्या दिवसापासून हॅचरीतला ओलावा तिच्या अंगावर जाऊन बसू लागला. आली तेव्हा ती कडब्यासारखी सुकलेली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. बघता बघता तिचे गाल भरले, वेणीतून पाणी ठिबकू लागलं. तिकडं मशिनांवरचा आर्द्रतेचा काटा मात्र रोज खाली येत होता.

विट्याबाहेरची ही अंडी उबवायची हॅचरी उज्ज्वला आणि तिचा नवरा जयसिंग चालवायचे. मशिनं उज्ज्वलाच्या हाती होती. हवा कोरडी पडली की कवचाआतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि चोच बाहेर काढलेलं पिल्लू तसंच अडकून मरतं. पूर्वी असं क्वचित व्हायचं, आता ट्रेच्या ट्रे तसे निघत होते. तिनं पाण्याचे फवारे वाढवले, दारांच्या फटी बुजवल्या, जमिनीवर बादल्या ओतल्या. ओतलेलं पाणी फरशीवरून सरळ आक्काच्या टाचांकडं जायचं.

जयसिंगला सांगितलं तर तो म्हणाला, माझ्या बहिणीला दोन घास सुखाचे मिळायला लागले, तेही तुला बघवेनात का. बोलताना त्याच्या मिशीचे केस काडीसारखे तुटून पडत होते. ते त्यानं शर्टावरून झटकले.

उज्ज्वलाचा संशय काही जाईना. ती आक्कावर पाळत ठेवू लागली. आक्का ट्रे धुवायची, मदतीला यायची, कधी वावगं बोलायची नाही, आणि नेमकं हेच उज्ज्वलाला खटकायचं. एका दुपारी ती हॅचरमध्ये, म्हणजे अंडी शेवटी जिथं फुटतात त्या खोलीत, ट्रॉलीमागं लपून राहिली. आक्का आत आली, उपड्या क्रेटवर बसली, डोळे मिटले. फवाऱ्यातून निघालेलं धुकं हवेतच वळलं आणि वासरासारखं तिच्या मांडीत शिरलं. आक्का त्याला थोपटत राहिली.

"मागं का उभी आहेस?" डोळे न उघडता ती म्हणाली. "ये की, बस."

उज्ज्वलाला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात थुंकी उरली नव्हती. ती भिंतीभिंतीनं बाहेर आली, दार लोटलं आणि कडी घातली.

त्याबरोबर दारावरचा आर्द्रतेचा काटा चढला. असायला हवा तिथं येऊन थांबला. तिनं जयसिंगला बोलावून तो दाखवला. त्यानं बराच वेळ काट्याकडं पाहिलं, मग आक्का कुठाय म्हणून विचारलं. उज्ज्वलानं दाराकडं बोट केलं. तो कडीकडं धावला.

"जयसिंगा, उघडू नको," आतून आक्का म्हणाली. "अंडी फुटायला लागलीत. आता दार उघडलंस तर सगळी चिकटून मरतील."

ते खरंच होतं. उज्ज्वलानंच तिला ते शिकवलं होतं. जयसिंगचा हात कडीवरून खाली आला.

आत चिवचिव वाढत गेली. मधेमधे आक्का कुणाला तरी दमानं घ्या, घाई करू नका, असं सांगत होती, आणि दर वेळी तिचा आवाज आणखी बारीक होत होता. शेवटी त्या चिवचिवाटातला तिचा कुठला, ते ओळखू येईना. काटा तसूभरही हलला नाही.

जयसिंग आता काट्याकडं बघत नव्हता. तो उज्ज्वलाकडं बघत होता.

"तू तिला कशाला कोंडलंस?"

"पिल्लांसाठी," ती म्हणाली. तिचा आवाज वाळक्या पानासारखा वाजला. तिला स्वतःलाच तो खोटा वाटला.

तेवढ्यात आतून दारावर टोच बसली. उज्ज्वलाच्या कपाळाच्या उंचीवर पत्र्याला बारीक तडा गेला. पुन्हा टोच बसली, आणि तडा गोल फिरत पुढं सरकला. जयसिंग मागं मागं जात समोरच्या भिंतीला टेकला. आतला ओलावा निसटू नये म्हणून उज्ज्वलानं दोन्ही तळवे तड्यावर दाबून धरले. तळव्यांखाली पत्रा अंड्यासारखा ऊबदार लागत होता.